भट्टी वाळेपर्यंत

"हलू नका! अजिबात हलू नका!"

तो हलला नाही. हलणार तरी कसा? उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत चिखलात रुतला होता आणि नवाकोरा काळा बूट दिसेनासा झाला होता. अंगणाच्या मधोमध माती कालवून त्यावर कोणीतरी ओली पोती टाकली होती, आणि दोन पोत्यांच्या मधल्या फटीत नेमका याचाच पाय पडला होता. दुसऱ्या मजल्यावर राहायला येऊन त्याला जेमतेम एक रात्र झाली होती. अंगणात कुठे चालायचं आणि कुठे नाही, हे त्याला सांगणार कोण?

ओरडणारी मुलगी धावत आली. अनवाणी, हात कोपरापर्यंत मातीने माखलेले, गालावरही मातीचा एक फराटा. तिने आधी त्याच्या पायाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि परत पायाकडे.

"बुटाला पॉलिश केलंय?"

"आज सकाळीच," तो म्हणाला. "काळजी करू नका, पुसलं की निघेल."

"तुमच्या बुटाची काळजी कोण करतंय? पॉलिश माझ्या मातीत उतरेल!"

"अच्छा... म्हणजे काळजी मातीची आहे."

"बूट दुकानात मिळतो. ही माती मी परवापासून तुडवतेय."

त्याने पाय उचलला. पाय आला, बूट आतच राहिला. नुसत्या मोज्यावर तोल सांभाळत तो उभा राहिला आणि खाली वाकून चिमूटभर माती बोटांत चोळू लागला. दुसऱ्या कोणी आधी बूट काढला असता. याला मातीत रस!

"वाळू कमी आहे," तो म्हणाला.

"हो का? बुटाने सांगितलं?"

"बूट तर तुमच्याकडेच आहे. बोटांनी सांगितलं. फार चिकट आहे ही. वाळताना आकसेल आणि भेगा पडतील."

"तुम्ही कोण? कुंभार?"

"शाळेत चित्रकला शिकवतो. मातीकामही शिकवतो." मग जरा चाचरत, "म्हणजे... हत्ती वगैरे बनवतो."

"केवढे हत्ती?"

त्याने तळहात पुढे केला. तिने त्या तळहाताकडे पाहिलं, आणि इतका वेळ आवरलेलं हसू तिला आवरेना. "मास्तर, मला अशी भट्टी बांधायचीय की तुमचे सगळे हत्ती आत ओळीने झोपतील!"

शाळेच्या पहिल्या दिवशी मास्तर एक बूट काळा आणि एक बूट तपकिरी अशा थाटात वर्गावर गेले. आणि संध्याकाळी परत येताना चाळलेल्या वाळूचं अर्धं पोतं खांद्यावर घेऊन आले. न मागता.

आता ही मुलगी भट्टी का बांधत होती, ते सांगायला हवं. गल्लीच्या कोपऱ्यावर एक बेकरी होती. तिथे ती कोवळ्या वयापासून कामाला होती. पीठ भिजवण्यापासून भट्टी पेटवण्यापर्यंत सगळं तिच्या हातचं. गल्लीत तिला सगळे पाववाली म्हणत आणि तिला ते आवडत असे. मग मालक थकले, मुलाकडे राहायला गेले, आणि बेकरीला कुलूप लागलं. पाववाली घरी बसली. भाऊ शिंपी, संध्याकाळी ती त्याच्या दुकानात बटणं लावायला जाई. पण बटणं लावताना तिचं तोंड असं व्हायचं की गिऱ्हाईक म्हणायचं, नको बाई, बटणाशिवायच द्या.

त्यातून ही कल्पना निघाली. तीन इमारतींच्या मधलं अंगण सगळ्यांचं. तिथे एक मातीची भट्टी, तीही सगळ्यांची. ज्याला हवं त्याने आपलं पीठ आणावं, ती भाजून देईल. उरलेल्या आचेवर स्वतःचे पाव करून विकेल. सोसायटीच्या सभेत अर्धे लोक खूश झाले. पण अध्यक्षकाकांना त्याच जागेवर स्कूटरसाठी शेड हवी होती. वादावादी झाली, आवाज चढले, आणि रागाच्या भरात ही बोलून बसली, "महिनाअखेरच्या रविवारी या भट्टीतून सगळ्या घरांना पाव दिला नाही, तर मी स्वतः भट्टी पाडीन आणि गाव सोडून आत्याकडे जाईन!"

आत्याच्या गावात बिस्किटांचा कारखाना होता. तिथे पाकिटं भरायचं काम आत्याने केव्हापासूनच बघून ठेवलं होतं. रविवारी भट्टी नाही झाली तर सोमवारची गाडी, असं ठरलं. दादा गप्प बसला. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमची जीभ एक दिवस तुम्हाला परगावी पोचवणार." सगळ्या गल्लीला ही गोष्ट माहीत होती. माहीत नव्हती फक्त मास्तरांना, कारण ते नंतर आले होते, आणि तिने काही ती त्यांना सांगितली नाही.

का नाही सांगितली? तिने स्वतःलाही हे विचारलं होतं. सांगितलं असतं तर तो त्या पडलेल्या चेहऱ्याने मदत करायला आला असता, ज्या चेहऱ्याने लोक आजाऱ्याला भेटायला जातात. आणि तिला तो हसताना आवडायचा. एवढंच.

तर काम सुरू झालं. आधी विटांचा ओटा. त्यावर ओल्या वाळूचा ढीग थापून थापून घुमट केला. हा घुमट म्हणजे भट्टीच्या पोटातली पोकळी. त्यावर वर्तमानपत्राचे ओले कागद चिकटवले. मग कागदावर मातीचा वीतभर जाड थर, गोळ्याला गोळा लावत, खालून वर. माती आवळली की दार कापायचं आणि आतली सगळी वाळू हाताने उकरून काढायची. घुमट आपल्या बळावर उभा राहिला तर भट्टी. नाही राहिला तर मातीचा ढीग.

तो मातीतला आणि ती आगीतली. त्याला भट्टी कशी पेटते हे ठाऊक नव्हतं, तिला माती कशी वाळते हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे रोज भांडायला विषय होता.

"गोळा असा आपटू नका," तो म्हणायचा. "शेजारच्या गोळ्यात दाबून बसवा. त्यांची ओळख व्हायला हवी."

"ओळख? मातीची?"

"नुसतं शेजारी ठेवून काय होतं? वाळले की दोघं आपापल्या वाटेने जातात."

"मास्तर, तुम्ही वर्गातही असंच बोलता?"

"वर्गात मुलं ऐकतात."

एकदा घुमटाच्या एका बाजूने तो आणि दुसऱ्या बाजूने ती असे थापत थापत वर आले, आणि शिखरावर दोघांचे हात एकाच गोळ्यावर पडले. कोणी हात काढला नाही. गोळा चांगला बसेपर्यंत दाबायचा असतो, हे खरंच; पण तो गोळा जरा जास्तच चांगला बसला.

वाळू काढायचा दिवस आला तेव्हा तिला सकाळपासून जेवण गेलं नव्हतं. त्याने सुरीने दाराची कमान कापली. किती उंच, ते तिने सांगितलं. दार फार उंच झालं तर आच पळून जाते. मातीचा तुकडा निघाला आणि आतली ओली वाळू दिसली.

"आधी तुम्ही," तो म्हणाला.

तिने हात घातला. मूठ-मूठ वाळू बाहेर येऊ लागली. मग कोपरापर्यंत हात, मग खांद्यापर्यंत. गाल भट्टीच्या ओल्या अंगाला टेकला होता. वर केवढं तरी वजन, आणि आता खालचा आधार तीच काढत होती. कुठेतरी बारीकसा आवाज झाला. ती थिजली.

"काही नाही," तो हळूच म्हणाला. तो पलीकडून दोन्ही तळहात घुमटावर ठेवून उभा होता. "मी बघतोय. हलत नाहीये. काढा तुम्ही."

"पडली तर?"

"पडली तर माझ्या हातावर पडेल."

ती काढत राहिली. बोटांना कागद लागला की थांबायचं. एका बाजूला लागला. मग वर लागला. शेवटची वाळू तिने हाताने झाडून काढली, आणि हात बाहेर घेऊन मागे सरली. त्याने आपले तळहात उचलले, अगदी सावकाश, आधी एक, मग दुसरा.

घुमट उभा होता.

ती ओरडलीच. मातीच्या हातांनी तिने त्याचे दोन्ही खांदे धरले, आणि तो हसत होता, आणि चेहरे इतके जवळ होते की त्याच्या पापणीवरचा वाळूचा कण तिला दिसत होता. आणखी एक क्षण मिळाला असता तर...

"वन्सं!" वरच्या गॅलरीतून वहिनीचा आवाज आला. "आत्याबाईंचा फोन आहे! सोमवारची गाडी पक्की करून ठेवू का, विचारतायत!"

त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "कसली गाडी?"

सांगावं लागलं. तिने भराभरा सांगून टाकलं, खाली बघत.

"आणि हे मला कधी सांगणार होतात? गाडीत बसल्यावर?"

"तुम्हाला कशाला सांगायचं? तुम्ही मदत करताय, तेवढं पुष्कळ आहे."

"मदत!"

"मग काय म्हणू? सांगितलं असतं तर दया आली असती तुम्हाला. मला कोणाची दया नको."

"दया? तुला काय वाटतं, रोज शाळेतून आलो की चहासुद्धा न घेता मी इथे वाळू चाळतो, ती दया म्हणून?"

'तुला' निसटलं होतं. दोघांनीही ऐकलं. तिने तिथेच थांबायला हवं होतं, पण थांबली तर ती कसली!

"मग कशासाठी चाळता?"

तो सांगू शकला असता. सांगितलं नाही. दुखावलेला माणूस नको तेच बोलतो, तसं तो बोलला. "मातीचा घुमट उभा राहिला तर तू राहणार, पडला तर जाणार. म्हणजे इथली माणसं तुझ्या लेखी कुठेच नाहीत." बादलीत हात बुडवून तो निघून गेला. हात नीट धुतलेही नाहीत.

आता पंचाईत अशी की भट्टी वाळवायची राहिली होती. त्यानेच बजावलं होतं की आत रोज एकदाच, मूठभर काटक्यांची आग करायची. ओल हळूहळू बाहेर आली पाहिजे, घाई केली की माती फुटते. ते काम संध्याकाळी शाळेतून आल्यावर तोच करणार होता. पण आता तो कशाला येतोय?

तिने ठरवलं, आपणच करायचं. पहाटे सगळे झोपेत असताना ती खाली यायची, मूठभर काटक्या पेटवायची, विझेपर्यंत बसायची. मग राख झाडून तळमजल्यावरच्या काकूंच्या कुंड्यांत टाकायची आणि भट्टीचं लाकडी दार लावून वर जायची. राख ठेवली असती तर त्याला कळलं असतं की ही अजून जीव लावून बसलीय. ते कळू द्यायचं नव्हतं. संध्याकाळी ती दादाच्या दुकानात जाऊन बसे, म्हणजे अंगणाकडे बघायलाच नको.

पहाटे पेटवण्याआधी भट्टीला हात लावला की ती कोमट लागायची. कालच्या आगीची ऊब अजून आहे, तिला वाटायचं. चांगली माती ऊब धरते. काटक्यांचा ढीग मात्र भलताच लवकर संपत होता. वहिनी पाणी तापवायला नेत असणार. विचारायचं तर वहिनी लगेच म्हणणार, तुम्हाला कशाला हव्यात काटक्या? तिने विचारलं नाही.

तो रोज सकाळी अंगणातून शाळेत जायचा. मान खाली. तीही गॅलरीत कपडे वाळत घालायची. मान खाली. एकदा एकाच वेळी दोघांनी मान वर केली, आणि तिच्या हातातून दादाचा शर्ट थेट खाली गेला. त्याने तो उचलला, झाडला, भट्टीवर नीट घडी करून ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. ती दिवसभर चिडलेली होती. बोलला का नाही, म्हणून.

शनिवारी पहाटे ती खाली आली आणि भट्टीपाशी थबकली.

दाराच्या कमानीपासून शिखरापर्यंत भेग गेली होती. केसासारखी नाही; बोटाचं पेर आत जाईल एवढी. तिने काडी पेटवली नाही. ओट्यावर बसून राहिली. रोज एकदाच, मूठभर, असं तो म्हणाला होता. तिने मूठभरच घेतल्या होत्या. की कधी जास्त झाल्या? आगीत हात घातला की तिला भान राहत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे आपणच, आपल्याच हाताने... उद्या रविवार होता.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. दुपारी तो फाटकातून आत आला तेव्हा ती भट्टीशी उभी होती. त्याला बघताच तोंडातून निघालं ते भलतंच.

"झालं समाधान? बघा! तुमच्या मातीत वाळू कमी पडली."

त्याने भेग पाहिली. बोट आत घालून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"वाळू बरोबर होती," तो म्हणाला. "चूक माझी आहे."

तो भांडेल म्हणून ती तयार होती. हे असं काही येईल म्हणून नव्हती. "तुमची कशी? तुम्ही तर फिरकलाही नाहीत."

एवढ्यात मागून अध्यक्षकाका आले, सोबत शेडवाला आणि त्याच्या हातात मापाची टेप. काका माणूस वाईट नव्हते, पण उत्साही होते. भेग पाहून त्यांचा उत्साह वाढला.

"ही कोणाच्या अंगावर कोसळली तर जबाबदार कोण? उद्याची वाट कशाला बघायची? आजच उतरवून टाका."

गॅलऱ्यांतून लोक डोकावू लागले. वहिनी भरभर जिना उतरून आली. तळमजल्यावरच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. तिला वाटलं, एवढ्या लोकांसमोर आता खरं सांगावं. तिने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी तोच बोलला.

"काका, यात यांचा दोष नाही. भट्टी मी फोडली."

"तुम्ही? कशी?"

"मी रोज संध्याकाळी आत आग पेटवायचो. यांना न सांगता. मला वाटलं, या रागावल्यात, आता बघणार नाहीत. बेताचीच करायचो, पण... जास्त झाली असणार."

तिला ऐकू आलं होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं.

"रोज?" ती म्हणाली. "संध्याकाळी?"

"हो."

"मग राख कुठे जायची?"

"झाडून... काकूंच्या कुंड्यांत."

"मीपण," ती पुटपुटली.

"काय मीपण?"

"मीपण पेटवत होते. रोज. पहाटे. आणि राख..." तिने कुंड्यांकडे बोट केलं.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आणि मग काकूंच्याने राहवेना.

"अगं बाई, म्हणजे तुम्हाला माहीतच नव्हतं? सकाळी ही, संध्याकाळी तो! मला वाटलं, पाळ्या लावून घेतल्यात. एकमेकांशी बोलत नाहीत, पण संसार कसा रीतसर चाललाय म्हटलं! माझ्या कुंड्या राखेने भरल्या, तरी मी तोंडातून ब्र काढला नाही."

वरच्या गॅलरीतून कोणीतरी हसलं आणि मग सगळी गॅलरीच हसली. वहिनीने तोंडाला पदर लावला. ती दोघं मात्र हसली नाहीत. तिचे कान तापले होते, आणि तो आपल्या हातांकडे असा बघत होता जणू ते दुसऱ्याचे आहेत.

"ते सगळं ठीक," काका म्हणाले. "भेगेचं काय?"

तिने मान ताठ केली. "काका, मी ज्या भट्टीवर वाढले तिला भेग होती. आतला जाळ बाहेरून दिसायचा, तरी वर्षानुवर्षं पाव भाजले तिने. आपलं रविवारपर्यंतचं ठरलंय. उद्या पाव झाले नाहीत तर कुदळ मीच आणीन."

काकांनी शेडवाल्याकडे पाहिलं. शेडवाल्याने टेप गुंडाळली.

दुपारभर दोघं भेग भरत होते. त्याने कडा खरवडून ओल्या केल्या, विटेचा चुरा घालून माती कालवली आणि बोटाने आत दाबत गेला. ती चुरा चाळून देत होती. बोलणं कामापुरतंच. पाणी द्या. पुरे. अजून थोडी. पण प्रत्येक वेळी हातात हात लागला की दोघंही एक क्षण काम विसरत, आणि मग उगाच जास्त घाई करत.

"ओली माती आहे," तो शेवटी म्हणाला. "उद्या आगीत उडाली तर?"

"तर उडाली."

"तुला भीती नाही वाटत?"

"फार वाटतेय," ती म्हणाली.

रविवारी सकाळी तिने भट्टी पेटवली. आता मूठभर नाही. भरपूर सरपण, एका अंगाला रचून, भेगेपासून दूर. बायका-माणसं पीठ घेऊन येऊ लागली. कोणाच्या परातीवर ओलं फडकं, कोणाच्या हातात पातेलं. काकांनी अंगणात खुर्ची टाकली, शेजारी शेडवाला उभा. आतलं छत काजळीने काळंकुट्ट झालं. भरलेल्या भेगेतून वाफ निघू लागली, मग फट्‌ असा आवाज झाला आणि मातीचा एक खपला उडून ओट्यावर पडला. खुर्चीतले काका अर्धवट उठले. भेगेतून धुराची रेघ निघाली.

"थांबवू?" त्याने विचारलं.

"नको." तिचे डोळे आतल्या छतावर होते. काजळी जळून छत पांढरं पडलं की भट्टी तापली. नव्या भट्टीला याला दुपार होते. आत ओल असली तर होतही नाही, सगळी आच ओलच खाते. ती बघत होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत शिखराजवळ एक पांढरा ठिपका उमटला. मग पसरला.

"एवढ्यात?" ती स्वतःशीच म्हणाली. आणि मग तिला कळलं. रोज एकदाच पेटवली असती तर ही आजही ओलीच राहिली असती. दोघांनी मिळून तिला फोडली होती आणि दोघांनीच तिला खडखडीत वाळवलीही होती.

निखारे ओढून काढले, तळ ओल्या फडक्याने पुसला. लांब दांड्याच्या फळीवरून तिने एकेक गोळा आत सोडला, भेगेच्या बाजूला सगळ्यात शेवटी. लाकडी दार लावून कडेने माती थापली. आता फक्त थांबायचं. अंगणात एवढी माणसं, पण कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"एक विचारू?" ती दाराकडे बघतच म्हणाली. "माझ्यावर एवढा रागावला होतास. मग रोज कशाला पेटवत होतास?"

"तू सोमवारी जाऊ नयेस म्हणून."

"बस?"

"बस. मला भट्टीचं काय करायचंय? मला पावसुद्धा फारसा आवडत नाही." तो थांबला. "तू आवडतेस. पहिल्या दिवशी बूट गेला तेव्हापासून. सांगायला हवं होतं, पण मला वाटलं... भट्टी झाली की सांगू."

मग तिने पिठाने भरलेले दोन्ही हात वर केले.

"माझा फोन त्या पोत्यावर आहे. आत्याला लाव. आणि कानाला धर माझ्या."

त्याने फोन लावून तिच्या कानाशी धरला. आत्याचा आवाज इतका मोठा की फोन धरून उभ्या उभ्या त्यालाही सगळं ऐकू येत होतं.

"झाली का गं भट्टी?"

"माहीत नाही अजून. पाव आत आहेत."

"मग आत्ता कशाला फोन केलास? झाले की सांग. नाही झाले तर उद्या ये."

"आत्या, मी येत नाहीये."

"अगं, पण पाव नाही झाले तर?"

"तरी नाही. मी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, तो मोडतेय. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. भट्टी पाडेन मी, पण गाव नाही सोडणार."

"कोणी अडवलंय का तुला?"

"अडवलं नाही कोणी. माझाच पाय निघत नाही." आणि हे बोलताना ती फोन धरणाऱ्या हाताकडे बघत नव्हती. थेट त्याच्या डोळ्यांत बघत होती. भेगेतून निघणारी वाफ दोघांच्या मधून जात होती आणि तिला भाजक्या पिठाचा वास यायला लागला होता.

"आला!" काकू ओरडल्या. "वास आला!"

ती धावली. माती फोडली, दार काढलं. गरम हवेचा लोट आला आणि मागोमाग सगळं अंगण पुढे सरकलं. आत पाव होते. फुगलेले, तांबूस, एकमेकांना टेकून बसलेले. भेगेच्या बाजूचे दोन-तीन करपले होते, बाकी सगळे असे की बघत राहावं. वहिनीने टाळी वाजवली. दादा, जो एवढे दिवस एक शब्द बोलला नव्हता, डोळे पुसत म्हणाला, "धूर गेला डोळ्यात." काकांनी पहिला पाव स्वतः उचलला, चटका बसला म्हणून या हातातून त्या हातात केला, मोडला, खाल्ला. आणि तोंड भरलेलं असतानाच शेडवाल्याला पलीकडच्या भिंतीकडे हात करून म्हणाले, "तिकडचं माप घेऊ."

ती फळीवरून पाव काढत होती आणि लोक हात पुढे करत होते. तिच्या नाकाला पीठ लागलं होतं, कपाळाला काजळी. तो मात्र फोन हातात धरून तिच्याकडे बघत तसाच उभा होता. फोनमधून आवाज येतच होता.

"हॅलो? अगं, कसला गलका आहे? झाले का पाव? हॅलो!"

त्याने दचकून फोन कानाला लावला. "झाले, आत्या. चांगले झाले."

"तुम्ही कोण?"

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. तिनेही नेमकं तेव्हाच वळून पाहिलं.

"मी... ज्याच्यामुळे तिचा पाय निघत नाही, तो."

पलीकडे आत्या एवढ्या मोठ्याने हसली की त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"मग फोनवर काय करतोस? ती एकटी राबतेय ना तिथे? जा, हात लाव!"

त्याने फोन खिशात टाकला, बाह्या वर केल्या आणि जाऊन तिच्या हातातल्या फळीचं दुसरं टोक धरलं.